चार आटे

मी माणूस खुनशी आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कुणाची फसगत नको. शाळेत माझी चप्पल नाल्यात फेकणारा पोरगा आज कुठल्या दुकानात गल्ल्यावर बसतो ते मला माहीत आहे, आणि त्या दुकानातून मी आजवर काडेपेटीसुद्धा घेतलेली नाही. बायको म्हणते, एवढं डोक्यात ठेवून तुम्हाला झोप कशी लागते? मला उत्तम लागते. पण ही गोष्ट चपलेची नाही, पाण्याची आहे, आणि तिच्यात मी जे केलं ते कुणाला सांगायला मला दोन वर्षं लागली.

जालन्यात आमचं घर चढावर आहे. आजोबांपर्यंत आमच्याकडे मेंढ्या होत्या, तीर्थपुरीकडच्या एका गावात. वडील शहरात आले, एमआयडीसीत सळयांच्या मिलमध्ये लागले, आणि परवडली त्या जागेवर दोन खोल्या उभ्या केल्या. परवडणारी जागा नेहमी चढावरच असते, हे मला पुढे नोकरीत कळलं. चढाच्या पायथ्याशी जुनी वस्ती, तिला आम्ही खालची गल्ली म्हणायचो. आमची ती वरची. रस्त्याखालून येणाऱ्या मोठ्या पाइपला पायथ्याशी एक फाटा फुटायचा, तो खालच्या गल्लीत जायचा. उरलेलं पाणी चढ चढून आमच्याकडे यायचं. म्हणजे यायला पाहिजे होतं.

पाणी आठ-नऊ दिवसांनी यायचं. त्या दिवशी माणसं रजा टाकायची, पोरं शाळा बुडवायची, सुना माहेरी निघालेल्या असल्या तर एक दिवस थांबायच्या. पोरगी दाखवायला आलेले पाहुणे आमच्या गल्लीत मुलाचा पगार नंतर विचारायचे. आधी विचारायचे, पाणी कितव्या दिवशी येतं आणि चढ किती आहे. माझंही एक स्थळ त्यावरच मोडलं. त्या लोकांवर माझा राग नाही, त्यांनी पोरीचा विचार केला.

राग आहे तो बँकवाल्यांवर. खालच्या गल्लीतलं पहिलंच घर त्यांचं. पिढ्यान् पिढ्या जालन्यातले, काका बँकेत अधिकारी, काकू नेहमी इस्त्रीच्या साडीत. त्यांच्या ओट्याच्या कडेला एक फरशी होती, फरशीवर कोरफडीची कुंडी. पाण्याच्या दिवशी कुंडी बाजूला व्हायची, फरशी उचलली जायची, आणि खालच्या खड्ड्यातली मोटार सुरू व्हायची. नळालाच जोडलेली मोटार. तिचा घूं आवाज चढावर आमच्यापर्यंत यायचा, पाणी मात्र यायचं नाही. आमचा नळ तेवढ्यात फुस्स करून हवा सोडायचा. माय तोटीखाली हंडा लावून बसायची, आणि मोटारीचा आवाज थांबला की म्हणायची, "झालं त्यांचं. आता आपलं." तोवर मागूनच पाणी बंद झालेलं असायचं.

इथपर्यंत सगळ्या शहराची गोष्ट आहे. पुढची माझी.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना एका सकाळी वडील मिलमधून पाळी करून आले, पाणी मागितलं, आडवे झाले, आणि उठले नाहीत. पाणी येऊन आठ दिवस झाले होते. घरात पिण्यापुरता अर्धा माठ. शेजाऱ्यांचीही तीच गत, तरी कुणी तांब्या आणला, कुणी कळशी, ते सगळं जमलेल्या माणसांना प्यायला गेलं. माणसाला शेवटची अंघोळ घालायची तर दोन-चार कळशा लागतात. खालून मोटारीचा आवाज येत होता. पाणी आलं होतं, नेमकं त्याच सकाळी, पण वर थेंब नव्हता. मायनं वडिलांच्या मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "जा, बँकवाल्यांकडून दोन कळशा घेऊन ये. आजच्या दिवशी कोन न्हाई म्हनंल?"

नाही कुणी म्हटलंच नाही. काकूंनी फाटक उघडलं, कळवळल्या, "अरेरे, कधी झालं?" असं विचारलं. मग म्हणाल्या, "थोडा थांब हं. वरची टाकी भरतेय. मध्येच काढलं की मोटार हवा धरते."

मी फाटकापाशी थांबलो. एक तास दहा मिनिटं. हातात वडिलांचं घड्याळ होतं, म्हणून मला नक्की माहीत आहे. काका ओट्यावर पेपर वाचत होते, त्यांनी एकदा चष्म्यावरून बघितलं आणि पान उलटलं. शेवटी गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली. भिंतीवरून ओघळ आला, अंगणातून गटारात गेला. तेव्हा काकूंनी मोटार बंद केली आणि माझ्या कळशा भरून दिल्या. वर आलो तर माणसं ताटकळून बसलेली, उन्हं चढलेली, आणि माय दारात उभी. तिनं कळशी हातात घेतली, खाली बघितलं, आणि म्हणाली, "त्या दारात माझा पाय पुन्हा पडायचा न्हाई. तहानेनं मेले तरी." माय शब्दाची पक्की. वीस वर्षं ती त्या घरासमोरून गेली तर रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं गेली.

मी डिप्लोमा केला. शहर वाढतच होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नवी प्लॉटिंग, बियाण्यांची गोदामं, तीन-तीन मजले, आणि जमिनीखाली पाइप तेच जुने. मग नवी योजना आली, नवे जलकुंभ, नवे भाग पाडायचे, प्रत्येक गल्लीला सारखं पाणी. ते काम घेतलेल्या कंत्राटदाराकडे मी लागलो. पहिल्याच बैठकीत आमचे मोठे साहेब म्हणाले, शेवटच्या नळाला पाणी पोचलं तर योजना झाली म्हणायचं, नाहीतर नुसते खड्डे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी जरा जास्तच डोलावली, कारण मला मिळालेल्या भागातला शेवटचा नळ मायचा होता. आणि पहिला बँकवाल्यांचा.

काम सोपं होतं. पाण्याच्या दिवशी एकच स्टीलचा हंडा घेऊन गल्लीच्या पहिल्या नळापाशी जायचं, भरायला किती वेळ लागतो ते बघायचं, मग शेवटच्या नळापाशी तेच करायचं. फरक असेल तर फाट्याचा व्हॉल्व्ह कमी-जास्त करून दोन्हीकडचा वेळ जुळवायचा. व्हॉल्व्ह जमिनीखाली चेंबरमध्ये असतो, त्याला कमरेएवढी उंच लोखंडी चावी लागते. चावीचा एक पूर्ण फेरा म्हणजे एक आटा. ज्या व्हॉल्व्हमननं आमच्या भागात तीस वर्षं पाणी सोडलं त्यांना सगळे मामा म्हणायचे. कुठला व्हॉल्व्ह किती आटे उघडा ठेवायचा हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, मामांच्या डोक्यात होतं. पाणी चालू असताना ते चावीच्या दांड्याला कान लावायचे आणि आतल्या आवाजावरून सांगायचे, एवढं बास.

"खालच्या गल्लीचा फाटा किती आटे उघडा असतो, मामा?"

"चार. ना कम ना ज्यादा," मामा म्हणाले. "माझ्याकडून पानी बराबर जातं साहेब. पुढं मोटारी खेचून घेतात, त्याला मी काय करनार?"

मोटारी पकडायचं काम माझ्याकडे नव्हतं, आणि ज्यांच्याकडे होतं ते बँकवाल्यांच्या ओट्यावर चहा प्यायचे. माझ्याकडे होता व्हॉल्व्ह. आणि खरं सांगतो, मला सारखं पाणी नकोच होतं. सारखं पाणी म्हणजे त्यांनाही मिळणार. मला काकूंना फाटकापाशी रिकामी कळशी घेऊन उभं राहिलेलं बघायचं होतं, एक तास दहा मिनिटं.

साक्षीदार नको म्हणून मी मामांना शहराच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या भागात पाठवलं. उन्हाळ्यापुरतं, असं सांगितलं. त्यांनी चावी माझ्या स्वाधीन केली, जायला निघाले आणि वळून म्हणाले, "साहेब, त्या खालच्या फाट्याच्या व्हॉल्व्हचं जरा..."

"माहीत आहे मला," मी म्हणालो. मामा निघून गेले.

पाणी यायच्या आदल्या दिवशी, दुपारी, लाइन कोरडी असताना आणि सगळी गल्ली दारं लावून पंख्याखाली पडलेली असताना मी चेंबरचं झाकण उचललं. चावी बसवली. आवळायला उजवीकडे अर्धा आटा फिरवला. गंज धरलेला व्हॉल्व्ह, दोन्ही हातांनी जोर लावावा लागला. त्या अर्ध्या आट्यात मला जेवढं समाधान मिळालं तेवढं नोकरीच्या पहिल्या पगारातही मिळालं नव्हतं. एकदम बंद केला असता तर बोंब झाली असती, चौकशी झाली असती. मला त्यांचा गळा हळूहळू आवळायचा होता. दर पाण्याला अर्धा आटा.

मायला सांगितलं. वाटलं होतं रागावेल. ती ज्वारी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "त्यांना कळंल?"

"बिलकुल नाही."

"मंग ठीक हाय." थोड्या वेळानं पुन्हा, "किती ठेवलं म्हनला?"

"साडेतीन."

तेव्हापासून आमचा रिवाजच पडला. मी शहराच्या दुसऱ्या बाजूला राहतो. आमच्याकडे ये म्हटलं तर माय येत नाही. पण दर पाण्याच्या आदल्या संध्याकाळी तिचा फोन यायचा आणि ती हवापाणी न विचारता एवढंच विचारायची, "किती?" तीन. अडीच. दोन. आकडा ऐकून ती हं म्हणायची. त्या हंमध्ये माझ्या वडिलांसाठीचं काहीतरी होतं. आम्ही दोघं इतके जवळ आधी कधी नव्हतो, हेही लिहून ठेवतो.

आणि माझी मेहनत फळाला येताना मला दिसत होती. तिसऱ्या पाण्यानंतर बँकवाल्यांच्या दारात टेम्पोतून चार निळे ड्रम उतरले. पाणी पुरत नसल्याशिवाय कोण ड्रम घेतं? पाचव्या पाण्यानंतर काका स्कूटरवर पायाशी दोन कॅन ठेवून जाताना दिसले. या वयात, भर उन्हात, कुठून कुठून पाणी आणायला लागतंय बघा. मी चौकातल्या टपरीवर उभा होतो. मी दुसरा चहा मागवला आणि ते वळेपर्यंत बघत राहिलो.

फक्त एक गोष्ट जुळत नव्हती. मायचा नळ सुधारत नव्हता. पहिल्या दिवशी, मोटारी सुरू व्हायच्या आधी, हंडा भरायला तीन मिनिटं लागली होती. मग पाच लागली. मग नळाची धार करंगळीएवढी झाली, मग दोऱ्याएवढी. माय फोनवर म्हणाली, "त्यांनी मोठी मोटार बसवली आसंल. तू अजून आवळ." मलाही तेच वाटलं. माणसाला जे वाटायला हवं असतं तेच वाटतं. मी आवळलं. दीड. एक. सातव्या पाण्याला मी अर्ध्या आट्यावर आलो. म्हणजे खालच्या गल्लीला आता जेमतेम धार जात असणार, आणि तेवढ्यावर मोटार चालवली तर ती जळणार. जळू दे.

त्या पाण्याच्या दिवशी मी स्टीलचा हंडा घेऊन मायकडे गेलो. दार उघडं, नळ उघडा, तोटीखाली पातेलं, पातेल्यात थेंब. माय घरात नव्हती. हाक मारली, उत्तर नाही. बाहेर येऊन चढावरून खाली बघितलं.

माय वर येत होती. एका हातानं गुडघा दाबत, दुसऱ्या हातात पाण्यानं भरलेला कॅन. आणि तिच्या मागे, दुसरा कॅन घेऊन, इस्त्रीच्या साडीतल्या बँकवाल्या काकू.

मला पळत जाऊन कॅन घ्यायलाही सुचलं नाही. काकूंनी धापा टाकत कॅन ओट्यावर ठेवला, मला बघितलं, आणि त्यांचा चेहरा खुलला. "अगं बाई, साहेब आलेत! तुमच्या आईला मी किती वेळा म्हटलं, मुलाला सांगा, वर काहीतरी अडकलंय पाइपात. आमच्याकडे तर यंदा धो धो पाणी आहे. कधी नव्हे ते! ड्रम आणले, तेही भरून वाहतात. काका दर वेळी दोन कॅन मुलीकडे नेऊन देतात. मोटार तर आम्ही काढूनच ठेवली, लागतच नाही. सगळी गल्ली म्हणते, साहेबांच्या हाताला यश आहे."

काकू पदरानं घाम पुसत पुढे बोलल्या, "आणि पाण्याला कसली लाज हो? तुमच्या वडिलांच्या वेळेला नाही का, आमच्याकडूनच पाणी गेलं होतं. आठवतं ना?"

मग त्या सावकाश चढ उतरून गेल्या. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी तिथंच दोन शब्द सुनावले असते. त्यांना खरंच तसं आठवत होतं. एक तास दहा मिनिटं त्यांच्या आठवणीतून गळून गेली होती, राहिल्या होत्या त्या भरून दिलेल्या दोन कळशा. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

माय माझ्याकडे बघत नव्हती. कॅनचं झाकण उघडत, लावत होती.

"किती दिवस?" मी विचारलं.

"चार पानी झाले. नळाला थेंब न्हाई, टँकर चढावर येत न्हाई. तुला सांगितलं आसतं तर तू म्हनला आसता, माझ्याकडं चल. मला इथून हलायचं न्हाई. येक दिवस तीच आली दारात कॅन घेऊन. आधी न्हाईच म्हनले मी. मंग घेतलं. मंग मीच जायला लागले." ती खाली बसली. "काई बोलली न्हाई रे ती कधी. बोलली आसती तर बरं झालं आसतं. चार येळा तिच्या दारात गेले, तिनं चारी येळा खुर्ची दिली, च्या दिला. आता मला तिचा राग येईना झालाय. वीस वर्सं सांभाळला, आन् चार कॅनात गेला."

ती रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

मी तडक खाली चेंबरपाशी गेलो आणि मामांना फोन लावला. सांगितलं, खालच्या फाट्याचं काही कळत नाही, आवळतोय तसं पाणी वाढतंय.

मामा म्हणाले, "साहेब, पानी चालू हाय ना आत्ता? चावी लावा. दांड्याला कान लावा. आता उजवीकडं पाव आटा फिरवा."

फिरवला. कानात आवाज वाढला.

"उलट्या आट्याचा हाय तो," मामा म्हणाले. "जुना माल. सगळ्या गावात आसे दोनच बसवलेत. डावीकडं बंद होतो, उजवीकडं उघडतो. त्या दिवशी तेच सांगून राह्यलो होतो. तुम्ही म्हनले, माहीत आहे."

चार होते. सात वेळा अर्धा-अर्धा करून मी साडेसात केले होते, आणि वर हा पाव. मी स्वतःच्या हातांनी, दुपारच्या उन्हात, चोरून, बँकवाल्यांचे ड्रम भरले होते. त्यांच्या लेकीचेही भरले होते. माझ्या हाताच्या यशानं त्यांची मोटारसुद्धा सुटली होती. आणि मायला मी तिच्या शब्दावरून ओढत नेऊन त्या फाटकापाशी उभं केलं होतं, जिथं एकदा मी उभा होतो.

मामांनी विचारलं, "चारवर आनायला येऊ का मी?"

"नको," मी म्हणालो. "आता येतं मला."

संध्याकाळपर्यंत थांबलो. लाइन कोरडी झाली. मग चावी लावली आणि डावीकडे फिरवत गेलो, चावी पुढे जाईना तोपर्यंत. पुन्हा जोर लावून बघितला. बंद. चूक सुधारायचं माझ्या डोक्यातही नव्हतं. "आठवतं ना?" एवढे दोनच शब्द माझ्या डोक्यात होते.

पुढचे नऊ दिवस मी मजेत होतो. बायकोला वाटलं, बढती मिळणार आहे.

पाण्याच्या दिवशी सकाळीच मायकडे जाऊन बसलो. नळानं एकदा हवा सोडली, आणि मग असं पाणी आलं की तोटी थरथरायला लागली. तीस वर्षांत त्या घरानं तसं पाणी बघितलं नव्हतं. हंडा मिनिटाच्या आत भरला. सगळी वरची गल्ली रस्त्यावर आली, बायका एकमेकींना हाका मारायला लागल्या, कुणी अंगण धुतलं, कुणी पोरांना दारातच अंघोळ घातली. माय लगबगीनं भांडी मांडत होती. माठ, हंडा, कळशा, बादल्या, शेवटी भाजीच्या कढयासुद्धा. तिला मी कधी इतकं खुश बघितलं नव्हतं, म्हणून मी सगळं सांगून टाकलं. उलटा व्हॉल्व्ह, साडेसात आटे, आणि आता पूर्ण बंद.

तिनं बादली खाली ठेवली. "म्हंजे माझा नळ तूच बंद केल्ता."

"हो."

"दोन म्हैने."

"हो. पण आता बघ. आता त्यांच्याकडे थेंब नाही. आता कळेल त्यांना."

माय दारात गेली आणि खाली बघत उभी राहिली. मीही मागे गेलो. खालच्या गल्लीत बायका नळापाशी जमल्या होत्या, कुणीतरी तोटी हातानं ठोकत होतं. काका ओट्यावर उभे होते, कोरफडीची कुंडी हातात, फरशी उचलावी की नाही या विचारात. आणि काकू फाटकाबाहेर आल्या होत्या. हातात रिकामा कॅन. त्यांनी चढाकडे बघितलं, आमच्या गल्लीतलं वाहणारं पाणी बघितलं, साडीच्या निऱ्या सावरल्या, आणि चढायला लागल्या.

वीस वर्षं मी जे बघायची वाट बघत होतो ते माझ्या डोळ्यांसमोर चढ चढत होतं. मी म्हणालो, "येऊ दे वर. उभी कर तिला. म्हण, आमचं भरून होऊ दे."

मायनं झटकन दार लावून घेतलं आणि माझं मनगट धरलं. तिचे हात ओले होते. "जा. पळ. सोड त्यांचं पानी."

"काऊन? ती तुला..."

"आरं येड्या, ती दारात आली तर मी तिला उभं करीन आसं वाटतंय व्हय तुला? मला द्यावं लागंल. तिनं मला खुर्ची दिली, मला पन द्यावी लागंल. च्या टाकावा लागंल. मंग ती पुन्हा येईल, मी पुन्हा देईन. आन् मंग तुझा बाप त्या दिवशी तासभर तसाच पडून व्हता त्याचं काय? ते कोन धरून ठेवील? तू?" ती मला दाराबाहेर ढकलत होती. "मला तिला माफ करायचं न्हाई. तिला बराबर पानी दे. मला बराबर दे. म्हंजे तिला माझ्या दारात यायला नको, मला तिच्या दारात जायला नको. जल्दी जा. ती वर यायच्या आत."

मी गाडीला बांधलेली चावी काढली आणि चढ उतरत पळत सुटलो. पस्तीस-चाळीसच्या माणसानं खांद्यावर लोखंडी चावी घेऊन भर रस्त्यात पळणं काही बरं दिसत नाही. वाटेत काकू भेटल्या, एका कुंपणाला धरून दम खात उभ्या होत्या. "साहेब, आज आमच्याकडे..." म्हणाल्या. मी थांबलो नाही. त्यांच्याकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर काय केलं असतं, मला आजही माहीत नाही.

चेंबरचं झाकण काढलं, चावी बसवली. सवयीनं हात डावीकडे गेला, थांबवला. उजवीकडे. एक. पाण्याचा पहिला सूं आवाज आला. दोन. तीन. मी दांड्याला कान लावला. गालाला लोखंड तापलेलं लागत होतं. चार. मामांचे चार. आवाज एकसारखा झाला, ना घरघर ना शीळ. तिथं मी हात काढला.

खालच्या गल्लीत कुणीतरी ओरडलं, "आलं! आलं!" चढाच्या निम्म्यावर काकू थबकल्या. त्यांनी एकदा वर आमच्या बंद दाराकडे बघितलं, एकदा खाली. मग वळल्या आणि रिकामा कॅन हलवत घराकडे उतरायला लागल्या. काकांनी कुंडी पुन्हा फरशीवर ठेवली.

मी तिथूनच दोन्हीकडे हंडा लावून बघायला हवा होता, कामाचा नियम तसा आहे. तो मी पुढच्या पाण्याला लावला. पहिल्या नळाला अडीच मिनिटं, शेवटच्या नळाला पावणेतीन. मोठ्या साहेबांनी तो कागद बैठकीत सगळ्यांना दाखवला आणि विचारलं, हे कसं जमवलं. मी म्हणालो, वरच्या गल्लीतल्या एका बाईनं सांगितलं तसं केलं. लोक हसले.

त्या दिवशी मात्र मी चावी घेऊन पुन्हा चढ चढलो. दार आतून लावलेलं होतं. आत पाणी पडल्याचा आवाज येत होता, आधीपेक्षा बारीक, पण अखंड. कडी वाजवली.

"आली का ती?" मायनं आतूनच विचारलं.

"नाही. निम्म्यातून वळली."

कडी निघाली. मायनं माझ्या खांद्यावरून खाली एकदा बघून खात्री करून घेतली, पदरानं तोंड पुसलं आणि दोन्ही फळ्या भिंतीपर्यंत लोटल्या.

"बरं झालं," ती म्हणाली. "तो हंडा सरकव इकडं, भरून वाहून राह्यला."